सूर्यदेवाचे गोधन आणि शेवटच्या दोन अटी
(सदर : आकड्यांच्या अंगणात)



ग्रीक पुराणकथांत सूर्यदेवाचे नाव हेलिओस. थ्रिनाकिया नावाच्या बेटावर त्याचे गोधन चरत असे आणि फेथुसा व लांपेती या त्याच्या दोन कन्या त्याची राखण करीत. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या बाराव्या सर्गात या गोधनाची मोजदाद दिली आहे. गुरांचे सात कळप, मेंढ्यांचे सात कळप आणि प्रत्येक कळपात पन्नास जनावरे; म्हणजे गुरे ३५० आणि मेंढ्याही ३५०. ही संख्या कधी वाढत नसे आणि कधी घटतही नसे. ओडिसियसच्या भुकेल्या खलाशांनी सक्त मनाई असतानाही यांतील गुरे मारून खाल्ली. त्याची शिक्षा म्हणून देवराज झ्यूसने वज्राघाताने त्यांचे जहाज फोडले आणि त्यातून एकटा ओडिसियस वाचला.

पुढे थ्रिनाकिया म्हणजेच सिसिली बेट, असे मानले जाऊ लागले. याच बेटावरील सिराक्यूस नगरीत आर्किमिडीज (इ.स.पू. २८७ ते २१२) होऊन गेला. त्याच्या नावावर ४४ ओळींचे एक पद्यमय कोडे आहे. अलेक्झांड्रिया येथील एराटोस्थेनिस या विद्वानाला लिहिलेल्या पत्रातून ते तेथील अभ्यासकांकडे धाडले, असे हस्तलिखिताच्या मथळ्यात म्हटले आहे. पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनिस तो हाच. हे काव्य खुद्द आर्किमिडीजचे आहे किंवा नाही याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कोड्याची खोली पाहता ते त्याला शोभणारे आहे, यात शंका नाही. शतकानुशतके ते विस्मरणात गेले होते. वोल्फेनब्युटेल येथील ग्रंथालयात ग्रंथपाल असलेले जर्मन नाटककार लेसिंग यांना ते एका हस्तलिखितात आढळले आणि १७७३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले.

होमरने सूर्यदेवाला ३५० गुरे दिली. आर्किमिडीजने तीच गुरे पुन्हा मोजावयास सांगितली, मात्र अशा अटींवर की पुढील दोन हजार वर्षांत कोणालाही पुरता आकडा लिहून दाखविता आला नाही.

कोड्याचा पूर्वार्ध

गुरांचे रंग चार : पांढरा, काळा, कबरा आणि पिवळा. प्रत्येक रंगाचे वळू आहेत आणि गाईही आहेत. म्हणजे अज्ञात संख्या आठ. वळूंविषयी तीन विधाने दिली आहेत :

पांढरे वळू = काळ्या वळूंचा (१/२ + १/३) भाग + सर्व पिवळे वळू
काळे वळू = कबऱ्या वळूंचा (१/४ + १/५) भाग + सर्व पिवळे वळू
कबरे वळू = पांढऱ्या वळूंचा (१/६ + १/७) भाग + सर्व पिवळे वळू

गाईंविषयी चार विधाने आहेत. येथे ‘कळप’ याचा अर्थ त्या रंगाचे वळू व गाई मिळून, असा घ्यावा :

पांढऱ्या गाई = काळ्या कळपाचा (१/३ + १/४) भाग
काळ्या गाई = कबऱ्या कळपाचा (१/४ + १/५) भाग
कबऱ्या गाई = पिवळ्या कळपाचा (१/५ + १/६) भाग
पिवळ्या गाई = पांढऱ्या कळपाचा (१/६ + १/७) भाग

आपल्या प्राचीन बीजगणितात अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांचीच नावे देत. येथे तर राशी आपापले रंग घेऊनच आल्या आहेत. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसू या.

प्रथम अपूर्णांकांच्या बेरजा करून घेऊ. १/२ + १/३ म्हणजे ५/६. १/४ + १/५ म्हणजे ९/२०. १/६ + १/७ म्हणजे १३/४२. आता पहिल्या विधानातील ‘काळे’ या जागी दुसरे विधान ठेवले की पांढरे = कबऱ्यांचा ३/८ + पिवळ्यांचा ११/६ असे होते. त्यात ‘कबरे’ या जागी तिसरे विधान ठेवले की दोन्ही बाजूंना केवळ पांढरे आणि पिवळे उरतात :

पांढऱ्यांचा ९९/११२ = पिवळ्यांचा ५३/२४

म्हणजे पांढरे व पिवळे यांचे प्रमाण ७४२ : २९७. जनावरे अपूर्णांकात असू शकत नाहीत, म्हणून सर्व छेद काढून टाकले की लहानांत लहान पूर्ण संख्या मिळतात : पांढरे २,२२६, काळे १,६०२, कबरे १,५८०, पिवळे ८९१.

ताळा पाहू. १,६०२ चा ५/६ म्हणजे १,३३५. त्यात ८९१ मिळवले की २,२२६. ताळा जुळला. उरलेली दोन विधाने वाचकांनी स्वतः पडताळून पाहावीत.

आता गाई. येथे एक चक्र आहे. पांढऱ्या गाई काळ्या कळपावर अवलंबून, काळ्या कबऱ्यावर, कबऱ्या पिवळ्यावर आणि पिवळ्या फिरून पांढऱ्यावर. बाजारात चार पेढ्यांची उधारी एकमेकींत गुंतलेली असावी, तसा हा प्रकार. एक पूर्ण फेरी मारून आलो की मूळ पांढऱ्या गाईंचा किती भाग आपल्याकडे परत येतो? ७/१२ × ९/२० × ११/३० × १३/४२ हा गुणाकार करून संक्षेप दिला की उत्तर येते १४३/४,८००. म्हणजे एकातून तो वजा जाता ४,६५७/४,८०० इतका भाग वळूंच्या संख्येवरून ठरतो.

हा ४,६५७ लक्षात ठेवावा. ही मूळ संख्या आहे, तिचे तुकडे पडत नाहीत. गाईंची संख्या पूर्णांकात यावयाची तर वळूंच्या वरील चारही संख्यांना ४,६५७ ने गुणण्यावाचून गत्यंतर नाही. तसे केल्यावर हिशेब असा मांडता येतो :

पांढरे : वळू १,०३,६६,४८२, गाई ७२,०६,३६०
काळे : वळू ७४,६०,५१४, गाई ४८,९३,२४६
कबरे : वळू ७३,५८,०६०, गाई ३५,१५,८२०
पिवळे : वळू ४१,४९,३८७, गाई ५४,३९,२१३
एकूण : ५,०३,८९,०८२

पाच कोटींहून अधिक गुरे! तरीही हा आकडा अगदीच कल्पनेपलीकडचा नाही. सिसिलीचे क्षेत्रफळ सुमारे २५,००० चौरस किलोमीटर धरले, तर प्रत्येक जनावराच्या वाट्याला साधारण पाच गुंठे येतात. गर्दी होईल, पण उभे राहता येईल. शिवाय या आकड्यांची दुप्पट, तिप्पट किंवा कोणतीही पट घेतली तरी सातही विधाने खरीच राहतात. म्हणजे हे सर्वांत लहान उत्तर झाले, एकमेव नव्हे.

येथवर आलेल्या माणसाला कवी शाबासकी देतो, पण हातचे राखून. तुला आकडेमोड येत नाही असे कोणी म्हणणार नाही, परंतु ज्ञानी जनांत तुझी गणना अद्याप व्हावयाची नाही, असे सांगून तो दोन अटी आणखी घालतो.

उत्तरार्ध : दोन साध्या अटी

पहिली अट : पांढरे व काळे वळू एकत्र उभे केले असता त्यांचा चौरस व्हावा. म्हणजे दोघांची बेरीज वर्गसंख्या असावी.

दुसरी अट : कबरे व पिवळे वळू एकत्र उभे केले असता त्यांचा त्रिकोण व्हावा. पहिल्या रांगेत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन अशा रांगा लावल्या असता कोणी कमी पडू नये आणि कोणी उरूही नये. अशा संख्यांना त्रिकोणी संख्या म्हणतात : १, ३, ६, १०, १५ इत्यादी.

हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे वाटावे इतक्या या अटी किरकोळ दिसतात. प्रत्यक्षात येथे हत्तीपेक्षा शेपूटच मोठे आहे.

पहिली अट एकवेळ निभावते. पांढरे व काळे मिळून १,७८,२६,९९६ होतात. त्याचे अवयव २ × २ × ३ × ११ × २९ × ४,६५७ असे पडतात. वर्गसंख्येत प्रत्येक मूळ अवयव जोडीने यावा लागतो. येथे केवळ दोनाची जोडी आहे. ३, ११, २९ आणि ४,६५७ हे एकेकटेच. त्यांना जोडीदार देण्यासाठी सर्व कळपाला ३ × ११ × २९ × ४,६५७ म्हणजे ४४,५६,७४९ ने गुणावे लागते. गुरांची संख्या सुमारे सव्वादोन कोटी कोटी होते. आता सिसिलीत जागा उरली नाही, पण निदान आकडा कागदावर एका ओळीत मावतो.

खरी कोंडी होते ती दोन्ही अटी एकदम पाळताना. का, ते एका लहान उदाहरणाने समजेल. एकच संख्या वर्गही असावी आणि त्रिकोणीही असावी, अशा संख्या किती? ३६ ही अशी संख्या आहे : ६ चा वर्ग, आणि १ ते ८ यांची बेरीज. पुढची १,२२५ : ३५ चा वर्ग, आणि १ ते ४९ यांची बेरीज. त्यापुढची थेट ४१,६१६. १ धरून एक लाखाच्या आत अशा संख्या अवघ्या चार. वर्ग आणि त्रिकोण यांची वाट क्वचितच एकमेकांना छेदते.

या भेटीगाठींमागे एक समीकरण आहे. १७ चा वर्ग २८९, ६ च्या वर्गाची आठपट २८८, फरक एकाचा. ९९ चा वर्ग ९,८०१. ३५ च्या वर्गाची आठपट ९,८००. फरक पुन्हा एकाचा. एका वर्गातून दुसऱ्या वर्गाची ठरावीक पट वजा केली असता बाकी नेमकी एक उरावी, असा हा प्रश्न. युरोपात याला पेलचे समीकरण म्हणतात. पेल यांचा वास्तविक त्याच्याशी संबंध नव्हता, ऑयलर यांच्या गैरसमजातून ते नाव चिकटले. आपल्याकडे याचे नाव वर्गप्रकृती.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये या विषयाचा पाया घातला. पट ९२ असता जो एका वर्षाच्या आत उत्तर काढील तो गणिती, असे तो म्हणतो. त्याचे उत्तर १,१५१ आणि १२०. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात चक्रवाल पद्धतीने पट ६१ असतानाचे सर्वांत लहान उत्तर दिले : १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८०. पट लहान असली तरी उत्तर किती दूर जाऊन बसते, याचा हा उत्तम नमुना आहे. फ्रान्सच्या फर्मा यांनी १६५७ साली आपल्या समकालीनांना आव्हान म्हणून हाच ६१ चा प्रश्न घातला, तेव्हा तो आपल्याकडे पाच शतके आधीच सुटलेला होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

सूर्यदेवाच्या गोधनाचा प्रश्न या साच्यात बसविला की पट येते ४७,२९,४९४. शिवाय आणखी एक अडसर : दुसऱ्या संख्येला ९,३१४ ने, म्हणजे ४,६५७ च्या दुपटीने, निःशेष भाग गेला पाहिजे. गाईंच्या चक्रात भेटलेला तो ४,६५७ येथे पुन्हा वाटेत उभा राहतो.

या समीकरणाचे सर्वांत लहान उत्तरच ४५ अंकी आणि ४१ अंकी संख्यांच्या जोडीचे आहे. त्यापुढील प्रत्येक जोडी सुमारे ४४ अंकांनी लांबत जाते. आणि ९,३१४ ने भाग जाणारी जोडी प्रथम येते ती २,३२९ व्या क्रमांकावर! २,३२९ ला ४४ आणि थोड्या अधिकाने गुणले की त्या जोडीतील संख्या १ लाख ३ हजारांहून थोड्या अधिक अंकांच्या होतात. गुरांची संख्या तिच्या वर्गावर अवलंबून असल्याने अंक दुप्पट होतात. नेमका आकडा सांगावयाचा तर सूर्यदेवाच्या एकूण गुरांची संख्या २,०६,५४५ अंकी आहे. दृश्य विश्वातील अणूंची संख्या एकावर ८० शून्ये देऊन भागते असे मानतात. येथे एका पानावर २,५०० अंक छापले तरी केवळ एक आकडा लिहावयास ८३ पाने लागतील.

आकडा कोणी लिहिला?

१८८० साली जर्मनीतील आमथोर यांनी हा मार्ग दाखविला आणि एकूण संख्या किती अंकी आहे व तिची सुरुवात ७७६ ने होते, हे सांगितले. सगळा आकडा न लिहिता त्याचे माप सांगितले, हे त्यांचे यश. पुढे अमेरिकेत इलिनॉय राज्यातील हिल्सबोरो गावी तीन गणितप्रेमींनी मंडळ स्थापून सुमारे चार वर्षे हाताने आकडेमोड केली, आणि त्यांच्या हाती आरंभीचे व शेवटचे काही मोजके अंक आले. संपूर्ण संख्या १९६५ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात विल्यम्स, जर्मन आणि झार्नके यांनी संगणकावर काढली. यंत्राला ७ तास ४९ मिनिटे लागली. १९८१ मध्ये हॅरी नेल्सन यांनी त्या काळच्या क्रे-१ या महासंगणकावर तेच काम सुमारे दहा मिनिटांत केले, आणि तो आकडा प्रसिद्ध झाला.

आर्किमिडीजला हे उत्तर ठाऊक होते काय? सर्व अंक लिहून काढणे त्याला शक्यच नव्हते. मात्र प्रचंड संख्यांची त्याला भीती नव्हती. विश्व वाळूने भरले तर किती कण मावतील, याचा हिशेब त्याने एका स्वतंत्र ग्रंथात केला असून त्यासाठी संख्यांना नावे देण्याची नवी पद्धतही रचली आहे.

आणखी एक गोष्ट व्यापारी मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावी. वळू हा रुंदीपेक्षा लांबीला अधिक असतो. तेव्हा वळूंनी व्यापलेली जागा चौरस असावी, पण त्यांच्या रांगांची संख्या दोन्ही दिशांनी समान असण्याची गरज नाही, असाही मूळ ओळीचा अर्थ लावता येतो. वुर्म नावाच्या जर्मन अभ्यासकाने तसा अर्थ घेतला, तेव्हा उत्तर आले ५९,१६,८३,७१,७५,६८६. म्हणजे ५ लाख ९१ हजार ६८३ कोटी आणि वर काही. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि ८३ पानांचा आकडा एका ओळीत आला!

बँकेतील नोकरीच्या काळात कर्जाची कागदपत्रे रोज नजरेखालून जात. पहिल्या पानावर रक्कम, व्याजाचा दर आणि मुदत असते; तेवढे सर्वजण वाचतात, कारण ते गुणाकार-भागाकाराने कळते. शेवटच्या पानावर दोन ओळी असतात : दर केव्हा बदलू शकेल आणि जामीन कोणाचा. भावाच्या किंवा मेहुण्याच्या पेढीसाठी ‘फक्त सही’ करणारे पुष्कळ असतात. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १२८ नुसार करारात वेगळे काही नमूद नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे सही भावाच्या कागदावर असली तरी बोजा आपल्या घरावर येऊ शकतो. पूर्वार्ध कितीही बिनचूक सोडविला तरी शेवटच्या दोन अटी वाचल्याखेरीज उत्तराचे माप कळत नाही. सही करण्यापूर्वी त्या दोन ओळींचा अर्थ जाणकाराकडून समजून घ्यावा, आणि आमथोर यांच्याप्रमाणे निदान एवढे तरी ठरवावे की आकडा किती अंकी होऊ शकतो.

घरातील मुलांना हे कोडे अवश्य घालावे. पूर्वार्ध नववी-दहावीच्या गणितात बसणारा आहे. उत्तर आले की शाबासकी द्यावी आणि मग उत्तरार्ध वाचून दाखवावा. प्रश्नाची लांबी आणि उत्तराची लांबी यांचा परस्परांशी काही संबंध नसतो, हे त्यांना लहानपणीच कळलेले बरे.

या महिन्याचे कोडे मात्र सर्वांना सुटेल असे आहे. ते नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथातील एका उदाहरणावरून घेतले आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या राजवटीतला हा ग्रंथ. उंटांच्या एका कळपाचा चौथा भाग वनात दिसला. कळपाच्या वर्गमुळाच्या दुप्पट उंट डोंगराच्या उतारावर गेले. उरलेले १५ उंट नदीकाठी होते. तर एकूण उंट किती?

उत्तर ताळ्यासह लिहून पाठवावे. नुसता आकडा स्वीकारला जाणार नाही.